सिंदिया कंपनीचा इ. स. १९२३ चा करार : एका व्यापारी तहनाम्याचें वाचन

(१)

सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्याच्या तटाची व खंदकाची हकीकत सांगावयास नको. परंतु हा किल्ला एका संदिग्ध वचनाचाहि साक्षीदार आहे, ही गोष्ट फारशी ध्यानीं येत नाहीं. इ. स. १५२४ च्या सुमारास विजापूरचा इस्माईल आदिलशहा व अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची सोलापुरास भेट होऊन आदिलशहाची बहीण निजामशहास देण्याचें ठरलें. आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला मिळावयाचा होता, असें निजामशाहीचें म्हणणें. विजापूरकरांनीं किल्ला दिला नाहीं. यावरून जें वैर पेटलें तें सुमारें चाळीस वर्षें धुमसत राहिलें. इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वीं चांदबिबीचा विवाह विजापुरास झाला व हाच किल्ला आंदण म्हणून तिकडे गेला, तेव्हां कोठें तें शमलें. काय द्यावयाचें, काय राखावयाचें व केव्हां, हें स्पष्ट न ठरल्यास त्याची किंमत किती पिढ्यांस मोजावी लागते, याचें याहून बोलकें उदाहरण आमच्या गांवास तरी दुसरें नाहीं.

त्याच गांवीं २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. त्यांचें बहुतेक सारें आयुष्य करार करण्यांत, करार पाळण्यांत व नकोशा करारांतून वाट काढण्यांत गेलें. त्यांचीं चरित्रें झालीं आहेत, व त्यांच्या धाडसाची वाखाणणीहि पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु चरित्रकथनाचा नाहीं. ज्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकीं ते एक होते, तिनें इ. स. १९२३ मध्यें ब्रिटिश जहाज कंपन्यांशीं केलेला करार, एखादा जुना तहनामा आपण जसा कलमवार वाचतों तसा वाचून पाहावा, एवढाच हेतु आहे. त्या करारास शरणचिठ्ठी म्हणणारे त्या वेळीं होते व पुढेंहि झाले. तें म्हणणें कितपत टिकतें, हें पाहावयाचें आहे.

(२)

प्रथम माणसांची ओळख. दोशी घराणें मूळचें गुजरातेंतील, धर्मानें दिगंबर जैन, व पिढ्यांपासून सोलापुरांत स्थायिक झालेलें. कापसाचा व्यापार व सावकारी हा घरचा धंदा. वालचंदांनीं मुंबईस सेंट झेव्हियर्स व पुण्यास डेक्कन कॉलेजांत कांहीं काळ शिक्षण घेतलें. परंतु पदवी न घेतांच ते धंद्यांत शिरले. घरच्या पेढीवर त्यांचें मन रमलें नाहीं. लक्ष्मण बळवंत फाटक नांवाचे गृहस्थ पूर्वीं रेल्वेंत कारकून होते व पुढें ठेकेदारी करूं लागले होते. त्यांच्याशीं वालचंदांनीं भागीदारी केली. विसाव्या शतकाच्या आरंभीं बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचें काम या जोडीनें घेतलें. ही अडीच फुटी रुळांची रेल्वे १८९७ सालीं सुरू झालेली; आज तिचा सारा मार्ग रुंद झाला आहे.

या पहिल्या भागीदारींतच पुढील आयुष्याचें सूत्र सांपडतें. फाटकांपाशीं कामाची माहिती होती, भांडवल नव्हतें; वालचंदांपाशीं घराण्याची पत होती, कामाचा अनुभव नव्हता. दोघांनींहि आपलें उणें ओळखून दुसऱ्याचें अधिक मान्य केलें. बोलणीं करणाराचा पहिला गुण वाक्चातुर्य असा आपला समज असतो. येथें मात्र तो आपल्या उणिवेची अचूक मोजदाद हा ठरतो. पुढें वालचंद टाटा कन्स्ट्रक्शन कंपनींत गेले, बोरघाटांतील रेल्वेच्या बोगद्यांसारखीं अवघड कामें त्यांच्या देखरेखीखालीं झालीं, तरी हा गुण कायम राहिला.

दुसरे गृहस्थ शेठ नरोत्तम मोरारजी. यांचाहि सोलापूरशीं संबंध आहे, व तो वडिलांकडून आलेला आहे. मोरारजी गोकुळदास यांच्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ सालीं येथें सुरू झाली. तीच पुढें 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली. तो काळ १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळाचा होता. मागावर पोट असलेल्या या गांवांत गिरणीचा पहिला भोंगा वाजला तो अशा वेळीं. त्या मोरारजींचे पुत्र नरोत्तम व आमचे वालचंद हे दोघे, लल्लुभाई सामळदास व किलाचंद देवचंद यांच्यासह, १९१९ सालीं जहाजाच्या धंद्यांत पडले.

महायुद्ध नुकतेंच संपलें होतें. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचें 'लॉयल्टी' नांवाचें जहाज विकावयाचें होतें. मूळचें हें 'एम्प्रेस ऑफ इंडिया' नांवाचें, १८९१ सालचें, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचें प्रवासी जहाज. युद्धांत महाराजांनीं तें विकत घेऊन हिंदी शिपायांसाठीं रुग्णनौका म्हणून चालविलें. तें या मंडळींनीं घेतलें, व ५ एप्रिल १९१९ रोजीं तें मुंबईहून लंडनकडे निघालें. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. कंपनीचें सिंदिया हें नांव जहाजाच्या मूळ धन्याच्या घराण्यावरून पडलें. जहाज मात्र फायद्याचें ठरलें नाहीं. १९२३ मध्यें तें मोडींत निघालें. ज्या वर्षीं पहिलें जहाज भंगारांत गेलें त्याच वर्षीं कंपनीस आपला तह करावा लागला, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

(३)

आतां प्रतिपक्षाचें बळ पाहूं. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, म्हणजे लोक जिला 'बी. आय.' म्हणत तिची, मुळें १८५६ पर्यंत जातात. १९१४ मध्यें ती पी. अँड ओ. कंपनीशीं जोडली गेली, व या दोन्ही प्रचंड संस्थांची सूत्रें लॉर्ड इंचकेप यांच्या हातीं आलीं. हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनाऱ्यावरील वाहतूक बहुतांशीं त्यांच्या मुठींत होती.

प्रतिस्पर्ध्यास बुडविण्याचीं त्यांचीं साधनें दोन. पहिलें, भाडें पाडणें : मोठी कंपनी एका मार्गावर तोटा सोसून दुसऱ्या मार्गावर भरून काढते, लहान कंपनीस दुसरा मार्गच नसतो. दुसरें, राखीव सूट. व्यापाऱ्यानें ठराविक मुदतींत आपला सर्व माल याच कंपनीच्या जहाजांतून पाठविला, तरच त्यानें आधीं दिलेल्या भाड्याचा कांहीं भाग त्यास मागाहून परत मिळे. एक खेप जरी दुसऱ्याकडे गेली तरी सारी जमा बुडे. व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा त्यास बांधून ठेवणारा दोर व्हावा, अशी ही युक्ति होती.

या दोन शस्त्रांपुढें पूर्वीच्यांची काय गत झाली, हें वालचंद व नरोत्तम यांस ठाऊक होतें. जमशेटजी टाटांनीं गेल्या शतकापूर्वींच्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जपानी कंपनीच्या साह्यानें चीन व जपानकडील सुताच्या वाहतुकीचा यत्न केला, पी. अँड ओ. नें भाडीं पाडल्यावर तो आटोपता घ्यावा लागला. तुतिकोरिनच्या चिदंबरम् पिळ्ळै यांनीं १९०६ सालीं स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. बी. आय. नें प्रवाशांस जवळजवळ फुकट नेण्यापर्यंत मजल मारली. १९०८ मध्यें पिळ्ळै राजद्रोहाच्या आरोपाखालीं तुरुंगांत गेले, कंपनी मोडली, व तिचें जहाज प्रतिपक्षाच्याच हातीं गेलें. दोघांचेंहि धैर्य कमी नव्हतें; परंतु लढाई अंगावर आल्यावर, मागें सरून उभें राहावयास त्यांस जागा उरली नाहीं.

सिंदियावरहि तेंच शस्त्र चाललें. ब्रह्मदेशांतून मुंबईस येणाऱ्या तांदळाचें भाडें इतकें पाडण्यांत आलें कीं जहाज चालविण्याचा खर्च निघणें कठीण व्हावें. १९२२–२३ च्या हिवाळ्यांत लॉर्ड इंचकेप सरकारी खर्चाची काटछाट सुचविणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानांत आले होते. एका हातानें ते सरकारच्या खर्चास कात्री लावीत होते व दुसऱ्या हातानें सिंदियाशीं बोलणीं करीत होते. प्रतिपक्षाचा सेनापति हाच राज्यकर्त्यांचा सल्लागार, अशा स्थितींत ही वाटाघाट झाली, हें विसरतां कामा नये. कंपनीच विकत घेण्याची तयारी त्यांनीं दाखविली. सिंदियाच्या चालकांनीं कंपनी विकली नाहीं, करार केला.

(४)

कराराचीं मुख्य कलमें थोडक्यांत अशीं : सिंदियानें किनाऱ्यावरील मालवाहतुकींतच राहावें, प्रवासी वाहतूक करूं नये, किनारा सोडून दूरच्या सागरी व्यापारांत पडूं नये, तिच्या जहाजांचा एकूण भार ७५,००० टनांपलीकडे जाऊं नये, भाड्याचे दर परस्परसंमतीचे असावे, व कराराची मुदत दहा वर्षें असावी.

वरवर पाहतां हीं शरण आलेल्याचींच कलमें दिसतात. दूरचा समुद्र गेला, प्रवासी गेले, वाढीस कुंपण पडलें. परंतु जुने तहनामे वाचण्याची ज्यांस संवय आहे, ते दिलेल्या वस्तूंच्या यादीवर थांबत नाहींत. काय दिलें, काय राखलें, व कोठवर, हे तीन प्रश्न ते विचारतात. पुरंदरच्या तहांत (जून १६६५) शिवाजीमहाराजांनीं मिर्झाराजे जयसिंगांस २३ किल्ले व ४ लक्ष होनांचा मुलूख दिला. यादी वाचून कोणीहि म्हणेल कीं सर्वस्व गेलें. परंतु १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख राखला गेला, आणि मुख्य म्हणजे सैन्य व कारभार यांची घडी शाबूत राहिली. १६७० मध्यें सिंहगड व पुरंदर परत आले ते त्या राखलेल्याच्या बळावर.

सिंदियाच्या करारास हेच प्रश्न विचारूं. दिलें तें वर आलेंच आहे. राखलें काय ? कंपनीचें स्वतंत्र अस्तित्व, तिचा झेंडा, तिचीं जहाजें, तिचे हिंदी भागीदार, व ७५,००० टनांपर्यंत वाढण्याची मोकळीक. शिवाय भाड्याची लढाई थांबली, म्हणजे टिकाव धरण्यापुरती मिळकत निश्चित झाली. आणि कोठवर ? दहा वर्षें. माझ्या मतें साऱ्या करारांत हें कलम सर्वांत मोलाचें आहे. दुर्बळाच्या तहांत मुदतीचें कलम नसेल तर तो तह गुलामगिरीचा कागद होतो. असेल तर ती उसंत होते. विक्री केली असती तर किंमत कदाचित् चांगली आली असती. पण विक्रीस मुदत नसते.

(५)

येथें अर्थशास्त्राचें स्मरण होतें. कौटिल्याचा हा ग्रंथ शतकानुशतकें नांवापुरताच उरला होता. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें त्याची पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली, व शामशास्त्री यांनीं ती १९०९ सालीं प्रसिद्ध केली. पोथ्या जमविणाऱ्यांस एका पोथीचें मोल किती, हें सांगण्यास एवढें उदाहरण पुरे आहे.

सातव्या अधिकरणांत दुर्बळ राजानें बलिष्ठाशीं करावयाच्या संधींचे प्रकार दिले आहेत : सैन्य देऊन, कोश देऊन व भूमि देऊन. यांपैकीं भूमीचा एक भाग देऊन उरलेलें राज्य वांचविणें, यास 'आदिष्ट' संधि असें नांव आहे. सिंदियाचा करार हा समुद्रावरील आदिष्ट संधिच होय. बाराव्या अधिकरणांत दुर्बळानें बलिष्ठापुढें कसें वागावें याचा विचार आहे. सर्वत्र वांकणारा मनुष्य कळपांतून चुकलेल्या मेंढ्याप्रमाणें जीविताविषयीं निराश होऊन जगतो. अल्प सैन्यानिशीं लढावयास उठणारा नौकेवांचून समुद्रांत शिरणाराप्रमाणें बुडतो. म्हणून दुसऱ्या बलिष्ठाचा किंवा दुर्भेद्य दुर्गाचा आश्रय करावा, असा त्याचा अभिप्राय आहे. सिंदियाच्या चालकांस दुसरा बलिष्ठ उपलब्ध नव्हता, कारण सरकार प्रतिपक्षाच्या बाजूचें होतें. तेव्हां त्यांनीं करारासच दुर्ग केलें.

त्याच प्रकरणांत कौटिल्य आक्रमण करणाराचे तीन स्वभाव सांगतो : कोणी नमस्कारानें संतुष्ट होतो, कोणी भूमि व द्रव्य यांनीं, व कोणास सर्वस्व आणि प्राणहि हवे असतात. समोरचा कोणत्या जातीचा, हें ओळखणें ही बोलण्याची पहिली पायरी. लॉर्ड इंचकेप दुसऱ्या जातीचे होते. त्यांस मक्तेदारीचा मुख्य लाभ हवा होता. तेवढा मिळतो असें दिसल्यावर सिंदियास जिवंत ठेवणें त्यांस जड वाटलें नाहीं. जिवंत राहिलेला वाढतो, हा हिशेब मात्र त्यांनीं हलका धरला.

(६)

कंपनीच्या आंतील स्थितीकडेहि पाहणें अवश्य आहे, कारण नेतृत्वाची परीक्षा प्रतिपक्षासमोर होते त्याहून अधिक स्वपक्षांत होते. वालचंदांचा स्वभाव झुंजार, नरोत्तमांचा शांत. वालचंदांस हा करार मनापासून रुचला नव्हता. तरी करार झाल्यावर ते कंपनी सोडून गेले नाहींत, व बाहेर उभे राहून टीकाहि करीत बसले नाहींत. वाटाघाटींत ज्याचें मत मागें पडलें, त्यानेंच करार निष्ठेनें चालवावा, हें सोपें नाहीं. नरोत्तमांकडे पाहिलें तर, ज्या सहकाऱ्यास आपला निर्णय पटला नाहीं त्यास त्यांनीं दूर सारलें नाहीं. १९२९ सालीं नरोत्तम वारले, तेव्हां वालचंद अध्यक्ष झाले व १९५० पर्यंत राहिले.

उसंतीचा उपयोग त्यांनीं काय केला ? कराराच्या मुदतींतच किनाऱ्याचा व्यापार देशी जहाजांस राखून ठेवावा ही मागणी विधिमंडळांत गेली. त्यासाठीं नेमलेल्या समितीनें १९२४ सालींच राखीवतेची शिफारस केली होती. १९२८ मध्यें साराभाई नेमचंद हाजी यांनीं विधेयक आणलें. तें मंजूर झालें नाहीं, पण प्रश्न जिवंत राहिला. मुदत सरल्यावर भाराची मर्यादा वाढवून घेण्यांत आली. १९३७ मध्यें कंपनी हज यात्रेकरूंच्या वाहतुकींत उतरली, म्हणजे जें दार १९२३ सालीं बंद झालें होतें तेंच उघडलें. २१ जून १९४१ रोजीं विशाखापट्टणास जहाजबांधणीच्या कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्तें बसली, व १४ मार्च १९४८ रोजीं तेथें बांधलेलें 'जलउषा' पंडित नेहरूंनीं पाण्यांत सोडलें. करारापासून या दिवसापर्यंत पंचवीस वर्षें गेलीं.

याच वालचंदांच्या दुसऱ्या एका व्यवहाराशीं तुलना केली म्हणजे मुदतीच्या कलमाचें महत्त्व अधिक स्पष्ट होतें. डिसेंबर १९४० मध्यें म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीनें त्यांनीं बंगळूरास विमानांचा कारखाना काढला. १९४१ मध्यें हिंदुस्थान सरकार त्यांत भागीदार झालें, आणि १९४२ मध्यें, युद्ध पूर्वेकडून जवळ आलें असतां, सरकारनें वालचंदांचा भाग विकत घेतला. पैसा मिळाला, पण कारखाना हातचा गेला. येथें राखलेलें कांहीं उरलें नाहीं व मुदतहि नव्हती. प्रतिपक्ष जेव्हां स्वतः राज्यकर्ता असतो, तेव्हां कुशल मनुष्याचीहि बाजू किती अपुरी पडते, हें यावरून दिसतें.

(७)

एक आक्षेप मात्र टाळतां येत नाहीं. करार करून सिंदिया ज्या मंडळींत जाऊन बसली, तीं मंडळी दर ठरविणारी होती. तिच्या मागून किनाऱ्यावर आलेल्या लहान देशी कंपन्यांच्या नजरेनें पाहिल्यास, कालचा पीडित आज मोठ्यांच्या पंगतीस बसला होता. १९३० नंतरच्या दशकांत या लहान कंपन्यांचीं गाऱ्हाणीं उठलीं तीं निष्कारण नव्हतीं. तह केलेल्याची घडी शाबूत राहते, परंतु तहांत नसलेल्याचें काय होतें, हा प्रश्न पुरंदरासारखाच येथेंहि उरतो. वालचंदांचा अभिमान बाळगणाऱ्या सोलापूरकरानें ही बाजू झांकून ठेवणें इतिहासास धरून होणार नाहीं. तरी माझा निर्णय असा आहे कीं १९२३ चा करार शरणचिठ्ठी नव्हे. दुर्बळानें डोळे उघडे ठेवून घेतलेली ती दहा वर्षांची उसंत होती.

(८)

शेवटीं एक विनंती. सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांसाठीं आपण खेडोपाडीं हिंडतों; पेढ्यांच्या वह्या व गिरण्यांचीं दप्तरें यांकडे मात्र आपली नजर वळत नाहीं. सोलापूरच्या जुन्या मोठ्या गिरण्या विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक थंड पडल्या. ज्या जुन्या गिरणीचा वर उल्लेख आला, ती १९४९ सालीं बंद पडून सरकारनें १९५० च्या आरंभीं तिचा कारभार हातीं घेतला, व त्यावरून झालेले खटले घटनेच्या अभ्यासकांस आजहि शिकावे लागतात. इमारतींच्या मागोमाग कागदहि गेले.

कांहीं वर्षांपूर्वीं शहरांतील एका रद्दीच्या दुकानीं मला जुन्या बांधणीची एक लांब वही दिसली. अर्धी गुजराती, अर्धी मोडी. मधल्या पानांवर कोणा दोन पक्षांतील मालाच्या पुरवठ्याचा करार उतरून घेतलेला होता. दर होते, भरपाईच्या अटी होत्या. आरंभींचीं व शेवटचीं पानें पुड्यांस गेलीं होतीं. पक्षांचीं नांवें पहिल्या पानांबरोबर गेलीं, तिथि व मुदत शेवटच्या पानांबरोबर. उरलेली वही मीं विकत घेतली, व ती माझ्यापाशीं आहे. पण कोणीं, कोणाशीं, किती काळासाठीं करार केला, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. ज्या कलमानें सिंदियाच्या कराराचा अर्थ लागतो, तेंच कलम या वहींत नाहीं.

सभासदांपैकीं ज्यांच्या घरीं वा ओळखींत अशा वह्या, भागीदारीचे कागद, ठेक्यांचे करारनामे असतील, त्यांनीं ते पुरे ठेवावे, आणि शक्य तर त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. निदान पहिलें व शेवटचें पान तरी वेगळें होऊं देऊं नये.